बाकीच्या बायका

"मध्ये बोलायचं नाही, अक्का. खुर्चीसुद्धा वाजवायची नाही," विशू म्हणाला आणि त्यानं शेडचं पत्र्याचं दार ओढून घेतलं.

"आणि शिंक आली तर?"

"गिळायची."

केदार हसला. हा केदार म्हणजे विशूच्या बँडचा ड्रमर. पुण्याचा पोरगा, अंगानं दांडगा, स्वभावानं गरीब. दोघं रविवारी सकाळी पुण्याहून आमच्या इचलकरंजीला आले होते, गाडीच्या मागच्या सीटवर दोन मोठे स्पीकर पांघरूण घालून निजवून. स्पीकर आप्पांच्या शेडमध्ये मांडले होते. आप्पा म्हणजे आमचे वडील. ते होते तोवर त्या शेडमध्ये चार माग दिवसरात्र खडखडत असायचे. ते गेले आणि माग भंगारात निघाले. राहिले ते जमिनीवरचे तेलाचे डाग आणि भिंतीला चिकटलेला कापसाचा भुरा. त्या रिकाम्या शेडमध्ये आम्ही तिघं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो आणि विशूच्या बँडचा पहिला अल्बम ऐकणार होतो.

बँडचं नाव 'काकवी'. आईनं ते ऐकून कपाळावर हात मारला होता. "गुऱ्हाळ काढलंस काय रं?" अल्बमचं नाव 'काळी कांडी', मागाच्या धोट्यातल्या सुताच्या कांडीवरून. आणि गाणी सगळी ब्लूज रॉक, मराठीतून.

आता मी कोण, तर मी ब्लाउज शिवते. याच गावात दोन गल्ल्या पलीकडं दिलेली आहे. गावातल्या निम्म्या बायकांच्या पाठीची मापं मला तोंडपाठ आहेत. आणि मी शिवताना ब्लूज रॉक ऐकते. हसू नका. हे खूळ विशूनंच माझ्या डोक्यात घातलं. कॉलेजात असताना तो पेन ड्राइव्ह भरभरून गाणी आणायचा आणि माझ्या मशिनीशेजारी स्टुलावर बसून मला समजावून सांगायचा. "अक्का, ब्लूज म्हणजे रडगाणंच. पण ठेक्यात रडायचं. एकच ओळ दोनदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत काय ते सांगून टाकायचं."

"मग त्यात काय नवल?" मी म्हणाले होते. "आपल्या गल्लीत कुणी मेलं की आई हेच करते. फुकटात."

दोघंही खूप हसलो होतो तेव्हा.

आप्पांना त्याची गिटार डोळ्यांसमोर नको असायची. त्यांनी ती एकदा अंगणात फेकली, तेव्हा मी मधे पडले आणि पुढं कितीतरी दिवस आप्पांशी बोलले नाही. विशू त्या वेळी मला म्हणाला होता, "अक्का, माझं काहीही तयार झालं ना, की पहिला कान तुझा." तो शब्द त्यानं पाळला होता. प्रत्येक गाणं कच्चं असतानाच मला फोनवर ऐकवायचा. अल्बमचं काम सुरू झालं तेव्हा मात्र म्हणाला, आता तुकड्यातुकड्यानं नाही, एकदम पूर्ण ऐकायचं. आमचा जुना नियम होता तो. नवा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, गाळायचा नाही, थांबवायचा नाही आणि मध्ये बोलायचं नाही.

त्यानं लॅपटॉपचं बटण दाबलं.

काय सांगू, पहिलंच गाणं असं अंगावर आलं की मी खुर्चीत ताठ झाले. दोन गिटारी एकमेकींशी भांडत होत्या, नळावरच्या बायकांसारख्या, आणि त्यांच्या खाली केदारचा ढोल दम धरून चाललेला. विशूचा आवाज मुळात घोगरा. लहानपणी त्याला शाळेच्या समूहगीतातून बाहेर काढलं होतं. तोच घोगरेपणा इथं काय शोभून दिसत होता! दुसरं गाणं एस.टी. स्टँडवर रात्र काढणाऱ्या माणसाचं होतं. तिसरं पाणी न येणाऱ्या नळाचं, त्यात मला हसू फुटलं आणि मी ते पदरात दाबलं. केदारनं माझ्याकडं बघून अंगठा वर केला.

चौथ्या गाण्यात माग होते. खरे माग, आप्पांचे. भंगारात जाण्यापूर्वी विशूनं त्यांचा आवाज धरून ठेवला होता म्हणे. खडखड, खडखड, आणि त्या ठेक्यावर गिटार. ज्या शेडमध्ये ते माग होते तिथंच बसून मी ते ऐकत होते. मला भडभडून आलं. आप्पा, बघा, म्हटलं, ज्याची गिटार तुम्ही फेकली त्यानंच तुमचे माग परत चालू केले. मी विशूचा हात धरला. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, नुसता हात दाबला. त्याच्या हाताला घाम आला होता. मला वाटलं, पहिल्या अल्बमचा आहे.

मग पाचवं गाणं सुरू झालं.

आधी नुसती एक तार, लांब ओढलेली. आणि मग, "आवं… उठा की…"

मी चटकन दाराकडं बघितलं. वाटलं, आई आली. दार बंदच होतं. आई पलीकडं स्वयंपाकघरात धपाटी थापत होती, परातीचा आवाज येत होता. आणि इकडं स्पीकरमधून आई म्हणत होती, "आवं, उठा की… दुपारपाळी भरली, कामगार दारात आल्यात… चा ठेवलाय, कुणाला दिऊ…"



तुम्ही कदाचित असं रडणं ऐकलं नसेल, म्हणून सांगते. आमच्या गल्लीत कुणी गेलं की बायका मढ्याभोवती बसतात आणि शब्द लावून रडतात. गाणं नव्हे ते, आणि नुसतं रडणंही नव्हे. हेल काढून मेलेल्या माणसाशी बोलायचं असतं. आई त्यात पहिली. गल्ली तिला इंदाकाकू म्हणते, आणि इंदाकाकू येऊन टेकल्याशिवाय रडण्याला तोंड फुटत नसे. जे बाईला उभ्या जन्मात बोलता आलं नाही, ते ती त्या वेळी बोलून घेते. नवऱ्याला, सासूला, भावाला, तोंडावर. आणि तिथं बोललेलं पुन्हा कुणी काढत नाही. आमच्या गल्लीतल्या बायका भांडणात एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरतात, पण 'तू तुझ्या सासूच्या मढ्यावर असं म्हणाली होतीस' हे वाक्य मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

आणखी एक असतं. रडता रडता एखादी फारच पुढं गेली, जे चार भिंतींबाहेर जाऊ नये ते तिच्या तोंडून निघायला लागलं, की बाकीच्या बायका सूर चढवतात. एकदम, सगळ्या मिळून. मग बाहेर बसलेल्या पुरुषांच्या कानावर नुसता कल्लोळ जातो. तिला बोलायचं ते बोलून होतं आणि कुणाला कळत काही नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही. बायकांना कळतं कधी चढवायचं ते.

आप्पा गेले त्या दिवशी आई त्यांच्या छातीवर डोकं टेकून बसली होती. मी तिच्या पाठीला धरून. कामगार, चहा, मागाचा तुटलेला पट्टा असं सगळं झालं आणि मग तिचा आवाज एकदम खाली गेला. शेजारच्या सुशीलाकाकूंनी ते ओळखलं. त्यांनी आईला मिठी मारली आणि असा टाहो फोडला की पत्रा थरथरला. पाठोपाठ पारूकाकू, मागच्या घरच्या बायका, सगळ्याच. त्या गदारोळात आई काय बोलली ते फक्त आम्हा दोघी-तिघींना ऐकू आलं. मी ते पोटात ठेवलं. आईला कधी विचारलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही. आज इथं लिहितेय कारण आता ते झाकून ठेवण्यात अर्थ उरलेला नाही. साऱ्या जगानं ते ऐकलंय.

त्या शेडमध्ये, रविवारी सकाळी, ते मी पुन्हा ऐकलं. आणि या वेळी अक्षर न् अक्षर.

"माझी लेक तुमी गाडीत घालून न्हेली… रिकामं पोट घिऊन आणलं मला… आता वर भेटली तर काय सांगशीला तिला… कुणापायी गेली म्हणून सांगशीला…"

मी तेव्हा पाचेक वर्षांची असेन. आई शालीत गुंडाळलेली, गाडीतून उतरली होती एवढं मला आठवतं. ताप आलाय, म्हणाले होते. त्यानंतर विशू झाला. गल्लीत पेढे वाटले.

गाण्यात आता गिटार आली होती, आईच्या आवाजाला धरून, अगदी तिचाच हेल घेऊन. चांगली वाजवली होती, खोटं कशाला बोलू. "वर भेटली तर काय सांगशीला…" एवढा तुकडा पुन्हा आला. तो त्यानं धृपद केला होता. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा केदारचा ड्रम सुरू झाला.

मी उठले. खुर्ची पडली. वायर जिथं दिसली तिथून ओढली.

"अक्का!" विशू ओरडला. "मध्ये थांबवायचं नाही, ठरलंय आपलं!"

"हे कुठनं आणलंस?"

तो निघालेली वायर गोळा करायला लागला.

"विशू, मी विचारतेय. हे कुठनं आणलंस?"

"फोनवर होतं. त्या दिवशी… मी आप्पांच्या पायाशी बसलो होतो, खिशात फोन होता. मी मुद्दाम नव्हता लावला. म्हणजे लावला होता, पण गाण्यासाठी नाही. आईचा आवाज म्हणून. मला काही सुचत नव्हतं त्या दिवशी, अक्का."

"बरं. आणि गाण्यात घालताना? तेव्हा सुचत होतं ना? आईला विचारलंस?"

"विचारलं असतं तर नको म्हणाली असती."

बघा. काय उत्तर आहे! मी त्याला धाकटा म्हणून कडेवर खेळवलेलं. त्याच्यासाठी बापाशी वैर घेतलं. आणि तो माझ्यासमोर उभं राहून सरळ म्हणत होता, की नको म्हणाली असती म्हणून विचारलं नाही.

"ती काय म्हणतेय ते कळतं का तुला?"

"कळतं." तो दोन पावलं पुढं आला. "कुणापायी गेली, तर माझ्यापायी. मला काय दगड समजलीस? पुण्याला परत गेल्यावर ते ऐकलं आणि तेव्हा मला कळलं. तुम्ही कुणी सांगितलं नाहीत. ती गेली म्हणून मी आहे, अक्का. त्याचं मी काय करायचं? कुठं ठेवायचं ते? मला दुसरं काही येतं का? मला गाणंच करता येतं."

पोरगं खोटं बोलत नव्हतं, तेवढं मला कळतं.

"मग आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडायचं होतंस," मी म्हणाले. "तिला एकटीला गाठून विचारायचं होतंस. तिचं काळीज काढून बाजारात मांडायला तुला कुणी सांगितलं?"

"तूच म्हणाली होतीस. आई रडते ते ब्लूजच आहे म्हणून."

माझा हात उठला होता. केदार मधे आला. "अक्का, बसा जरा. पाणी देऊ का?"

"पाणी नको. हे गाणं काढा. अजून लोकांपर्यंत गेलं नाही ना, पहिला कान माझा ना? मग हा कान सांगतोय, काढा."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. केदारनं मान खाली घातली आणि मला काय ते समजलं.

"कधी सोडला?"

"आज सकाळी," केदार म्हणाला. "आम्ही वाटेत असताना."

"मग मला इथं कशाला बसवलंस रे?" मी विशूला विचारलं. "नाटक करायला? स्पीकर, खुर्च्या, बोलायचं नाही, शिंक गिळायची… आणि गाव आधीच ऐकून बसलंय!"

"तू समजून घेशील असं वाटलं. एकदा पूर्ण ऐकलंस की—"

दार करकरलं. आई उभी होती. हातात धपाट्यांचं ताट. ती कधीपासून तिथं होती कोण जाणे, ताटातल्या धपाट्यांची वाफ केव्हाच गेली होती.

"बंद का केलं?" तिनं विचारलं.

"काही नाही गं आई, वायर निघाली," मी म्हणाले.

"तू गप. विशू, लाव."

"आई, नको. नंतर ऐक," विशू म्हणाला.

"लाव म्हणते न्हवं."

केदारनं वायर जोडली. आईनं ताट जमिनीवर ठेवलं आणि माझी पडलेली खुर्ची उभी करून तिच्यावर बसली. गाणं पहिल्यापासून सुरू झालं. मी आईच्या तोंडाकडं बघत होते. तिनं डोळे मिटले नाहीत, पदर लावला नाही. समोरच्या काळ्या खोक्याकडं बघत होती, जणू तिथं एखादी पाहुणी येऊन बसलीय आणि तिचं ऐकून घ्यायचंय. ती ओळ आली. पुन्हा आली. ड्रम आला. नंतर विशूचा आवाज आला, तो काय गात होता ते मला आजही सांगता येणार नाही. गाणं संपलं. केदारनं पुढचं सुरू होऊ दिलं नाही.

आई खुर्चीतच जरा पुढं सरकली. मग म्हणाली, "बाकीच्या बायका कुठं गेल्या?"

"काय?" विशूनं विचारलं.

"सुशी व्हती. पारू व्हती. समद्या व्हत्या माझ्याभवती. त्यांचा आवाज कुठं गेला?"

आणि हा माझा भाऊ, त्याला एवढ्यातही उत्साह आला. आपल्या कामाबद्दल कुणी विचारलं की कारागिराला येतो तसा. "ते काढता येतं आता, आई. कॉम्प्युटरवर. एकेक आवाज वेगळा करता येतो. त्या फार मोठ्यानं रडत होत्या, तुझं काही कळतच नव्हतं. किती रात्री बसलो त्याच्यावर. त्यांना सगळ्यांना काढलं तेव्हा कुठं तुझा आवाज इतका स्वच्छ—"

"म्हंजे मला एकटीला ठिवलंस व्हय?" आई म्हणाली.

मला वाटतं त्या वेळी त्याला पहिल्यांदा कळलं, की त्या बायका एवढ्या मोठ्यानं कशासाठी रडत होत्या.

"निघंल का त्ये?" आईनं विचारलं. विशूला नव्हे, केदारला.

"आम्ही काढू शकतो, काकू," केदार म्हणाला. "आमच्या बाजूनं. पण सकाळपासून लोकांनी उतरवून घेतलं असेल…"

"आई, लोक रडतायत गं ऐकून," विशू मधेच बोलला. फोन काढला आणि वाचायला लागला. "हे बघ, एकानं लिहिलंय, 'या माउलीचा आवाज काळजात घुसला.' एक मुलगी लिहिते, 'माझ्या आईचंही असंच झालं, पण ती कधी बोलली नाही.' बघ आई, लोकांना—"

"तिला लिव्ह," आई म्हणाली, "मी पण बोलले न्हवते."

मग ती उठली. "धपाटी गार झाली. दही आणते, खाऊन घ्या. ते पोरगं लांबनं आलंय." आणि खरंच दही घेऊन आली. केदारनं मान वर न करता दोन धपाटी खाल्ली. विशूनं एक घास घेतला, तो तसाच तोंडात धरून बसला.

जाताना तो मला म्हणाला, "एक आठवडा दे, अक्का. काढतो." मी त्या शब्दावर विसंबले. अजून विसंबत होते, हे माझं मलाच नवल वाटतं. आठवड्यात ते गाणं कुठल्या कुठं गेलं. मग त्याला मुंबईला बोलावलं, दिल्लीला बोलावलं. बँडचं नाव झालं. ते गाणं वाजल्याशिवाय कार्यक्रम संपत नाही, असं केदारनंच मला एकदा फोनवर सांगितलं. तो त्यानंतर बँडमध्ये राहिला नाही. विशूनं गाणं काढलं नाही. मी त्याला फोन करणं बंद केलं. आई मात्र त्याच्याशी बोलायची. जेवलास का, अंगावर काढू नगंस, थंडी हाय. त्या गाण्याचं नाव तिनं पुन्हा घेतलं नाही.

एकदा एक कॉलेजातली पोरगी माप द्यायला आली. हात वर करून उभी होती, कानात ती फोनची बोंडं, आणि तोंडानं गुणगुणत होती, "वर भेटली तर काय सांगशीला…" गोड आवाजात, मान डोलवत. मी टेप गुंडाळला आणि तिला उद्या ये म्हटलं. तिला वाटलं, मला बरं नसावं.

आणि आई रडायला जाईनाशी झाली. कुणी गेलं की तिचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नसे. माणूस नेल्यावर, अंगण धुतल्यावर मग ती भाकरी-पिठलं घेऊन त्या घरी जायची. बायकांनी कारण विचारलं नाही. त्याही हळूहळू तोंडात पदर घालून रडायला शिकल्या. आमच्या गल्लीत माणसं मुकाट्यानं जायला लागली. सुशीलाकाकूंचा थोरला मुलगा गेला तेव्हा आई जाऊन त्यांच्या शेजारी बसली, त्यांची पाठ चोळत राहिली, पण तोंड उघडलं नाही. सुशीलाकाकू तिच्याकडं बघत होत्या. मला ते बघवेना.

गेल्या वर्षी आई गेली. सकाळी चहा घेतला, आडवी झाली आणि उठलीच नाही. विशू दुपारपर्यंत पोचला. गाडी मुख्य रस्त्यावरच सोडून धावत आला होता, एका पायात चप्पल. तो आईच्या पायांवर पडला. कितीही राग असला तरी बघून पोटात तुटावं असा तो दिसत होता.

खोली बायकांनी भरलेली होती. सगळ्या होत्या. सुशीलाकाकू उशाशी, पारूकाकू पायथ्याशी, मागच्या गल्लीतल्या, ज्यांच्या ज्यांच्या घरी आई कधीकाळी रडली होती त्या सगळ्या. आणि कुणी चकार शब्द काढत नव्हतं. नुसती नाकं ओढल्याचे आवाज येत होते. बायका आईकडं बघायच्या आणि मग विशूकडं बघायच्या.

त्याला ते कळायला वेळ लागला. त्यानं मान वर केली, एकेकीकडं बघितलं. "काकू," तो म्हणाला, "रडत का नाही तुम्ही कुणी?"

पारूकाकूंनी आईच्या पायांवरची चादर सारखी केली.

त्यानं खिशातून फोन काढला, बंद केला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "बंद केलाय. बघा. हा बघा." आणि तो खिडकीतून अंगणात फेकून दिला. "आता रडा की. कुणीतरी रडा की हो आईसाठी! ती तुमच्या सगळ्यांच्या घरी रडली!"

सुशीलाकाकू हळूच उठल्या. त्यांनी विशूच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, तेच जास्त वाईट होतं.

"तू जरा भाईर जा, बाळा," त्या म्हणाल्या. "मग रडतो आमी."

विशूनं माझ्याकडं बघितलं. मी बोलेन असं त्याला वाटलं असावं. लहानपणापासून त्याच्या बाजूनं मीच बोलत आले होते. मी आईचा हात धरून बसून राहिले.

तो उठला. बायकांनी पाय आवरून त्याला वाट करून दिली. तो बाहेर गेला, पायरीवर बसला, आणि सुशीलाकाकूंनी आतून कडी घातली.

मग त्यांनी आईच्या उशाशी बसून पहिला हेल काढला. इतक्या वर्षांनी आमच्या गल्लीतल्या बायका गळा मोकळा करून रडल्या. मी शिकलेली, मला ते कधी जमलं नव्हतं, पण त्या दिवशी माझंही तोंड उघडलं. मी आईला काय काय बोलले आणि कुणाचं नाव घेऊन बोलले, ते सांगणार नाही. बाहेर विशूला ते ऐकू गेलं नाही. माझा आवाज खाली जाताच बाकीच्या बायकांनी सूर चढवला होता.